वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या पानावर सुटलेली प्रश्नावली

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयींवर ऑनलाइन प्रश्नावली आहे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर माझ्या भावाने लिहून दिलं. सुगम्यता, म्हणजे अपंग व्यक्तींनाही ते वापरता येतं का, हे तपासणाऱ्या टूलने एकही चूक दाखवली नाही. तरीही स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तिसऱ्या पानावर प्रश्नावली सोडून दिली. तिथे २० विधानं आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असा पाच पर्यायांचा तक्ता आहे. या विद्यार्थ्यांसाठी वेगळी, साधी आवृत्ती करावी का? लिंक सोबत पाठवते आहे.

उत्तर : वेगळी आवृत्ती करू नका. का, ते पुढे सांगते. आधी तो तक्ता.

मी दृष्टिहीन आहे आणि सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम, त्यामुळे तुमची लिंक लगेच उघडून पाहिली. तुम्ही नजर वर नेली की पर्याय दिसतो, डावीकडे नेली की विधान. मला टॅब दाबल्यावर ऐकू आलं, "एक, रेडिओ बटण, निवडलेलं नाही, पाचपैकी एक." पुन्हा टॅब. पुन्हा तेच. विधान कुठलं? 'एक' म्हणजे सहमत की असहमत? बाणाची कळ दाबून अंदाज घ्यावा, तर रेडिओ बटणांमध्ये (अनेकांतून एकच निवडायची ती गोल बटणं) बाण दाबला की पर्याय नुसता वाचला जात नाही, निवडलाही जातो. म्हणजे मी चाचपडत असतानाच तुमच्याकडे माझं 'मत' जमा झालं! आणि एकदा निवडलेलं रेडिओ बटण कोरं करता येत नाही. त्यामुळे 'उत्तर द्यायचं नाही' हाही पर्याय ठेवा.

टूलला हे का कळलं नाही? बटणाला नाव आहे का, एवढंच ते बघतं. 'एक' हे नावच झालं. त्या नावावरून माणसाला काही बोध होतो का, हे ठरवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

भावाला सांगा, प्रत्येक विधान स्वतंत्र 'फील्डसेट'मध्ये (बटणांचा गट) घाल, विधानाचं वाक्य त्याच्या 'लेजंड'मध्ये (गटाचं शीर्षक) ठेव आणि प्रत्येक बटणाला 'पूर्ण सहमत' असं पूर्ण शब्दांतलं 'लेबल' जोड. मग ऐकू येईल, "मी परीक्षेच्या आदल्या रात्रीच अभ्यास करतो, गट. पूर्ण सहमत, रेडिओ बटण, सहापैकी एक." वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये हे सगळं पूर्वीपासून आहे, त्यासाठी 'एआरआयए'च्या (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये वरून जोडायची माहिती) खटपटी नकोत. मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसणाऱ्या डोळस विद्यार्थ्यांचीही यातून सुटका होईल.

आणखी एक. तुमच्या पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली आहे. आयता साचा वापरला की हे हमखास होतं. मग इंग्रजी आवाज मराठी मजकूर वाचायला घेतो. काही आवाज तर देवनागरी अक्षरं सरळ गाळतात. तिथे मराठीचा 'एमआर' हा संकेत लिहा. एका ओळीचं काम आहे.

'पुढे' दाबल्यावर राहिलेल्या प्रश्नाभोवती लाल चौकट येते म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही. पान हललं नाही, एवढंच कळलं. कोणता प्रश्न राहिला ते शब्दांत सांगा आणि फोकस, म्हणजे कीबोर्डची जागा, थेट तिथे न्या.

आता वेगळ्या आवृत्तीबद्दल. एक तर दारातच स्वतःचं अपंगत्व जाहीर करायला लावणं मला पटत नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी तुमच्या संशोधनालाच ते मारक आहे. तक्त्यात एकाखाली एक असलेल्या विधानांना जास्त एकसारखी उत्तरं देण्याकडे लोकांचा कल असतो. काहींना तक्ता आणि काहींना सुटे प्रश्न दिलेत, तर उत्तरांतला फरक विद्यार्थ्यांमुळे पडला की मांडणीमुळे, हे तुम्हाला सांगता येणार नाही. सुटे प्रश्न सगळ्यांनाच द्या.

माझी जुनी तक्रार याच्याही पुढची आहे. फॉर्म सुधारतात, आणि मग डेटा 'स्वच्छ' करताना 'फार वेळ लागलेली' उत्तरं काढून टाकतात! स्क्रीन रीडरवर २० विधानं ऐकायला वेळ लागतोच. उलट सरावलेले लोक आवाज इतका वेगात लावतात की शेजारच्याला तो नुसता गोंगाट वाटेल. ते 'न वाचता भरलं' म्हणून गाळले जातात. वेळेवरून कुणाला गाळायचंच असेल, तर गाळलेल्यांत कोण आहे ते आधी बघा. ठरावीक वेळाने सेशन आपोआप बंद होत असेल तर डब्ल्यूसीएजीत (वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) सांगितलेला एक मार्ग असा : आधी सूचना द्यायची, मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यायचे आणि ती निदान १० वेळा वाढवता आली पाहिजे. अर्धवट उत्तरं जतन होत असतील तर निदान भरलेलं वाया जात नाही.

दुरुस्तीनंतर भावाला माउस बाजूला ठेवून सगळी प्रश्नावली भरायला लावा. मग विंडोजवरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, तो मोफत आहे. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. आणि पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणीतरी घ्या, त्याला मानधनही द्या.

प्रश्न : आमच्या पाहणीत ० ते १०० असा स्लायडर आणि ओढून क्रम लावायचा प्रश्न आहे. चालेल का?

उत्तर : स्लायडर काढा, असं माझं मत. हात थरथरणाऱ्याला ६३ वर थांबता येत नाही. शिवाय तो सुरुवातीलाच ५० वर उभा असेल, तर कुणी ५० उत्तर दिलं की हातच लावला नाही, हे तुम्हाला कसं कळणार? आकडा टाइप करायची चौकट पुरे.

ओढून करायची गोष्ट न ओढताही करता आली पाहिजे, असं डब्ल्यूसीएजीची २०२३ मधली २.२ आवृत्ती सांगते. प्रत्येक पर्यायापुढे 'वर' आणि 'खाली' अशी बटणं द्या. ती किमान २४ बाय २४ पिक्सेलची असू द्या. आणि बटण दाबल्यावर तो पर्याय आता कितव्या क्रमांकावर आला, ते स्क्रीन रीडरला कळवा. नाहीतर मी 'वर', 'वर' दाबत राहते आणि पर्याय केव्हाच पहिला झालेला असतो.