सैन्यातून पेन्शन घेऊन गावाकडं शिक्षक झालेल्या माणसाचं आयुष्य कसं असतं?

प्रश्न विचारणारे भाऊ अजून सेवेत आहेत. लवकरच बाहेर पडतील, गावाच्या शाळेत शिकवायचा विचार आहे, आणि पोरं ऐकतात का, फौजेतलं काही कामाला येतं का, असं त्यांनी विचारलंय. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता गडहिंग्लज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला भूगोल-इतिहास शिकवतो, आणि माणूस कमी पडला की गणितसुद्धा.

फौजेतलं कामाला येतं, पण गाव समजतं ते येत नाही. गावाला वाटतं, मेजर आले, आता पोरं सरळ होणार. (आमच्याकडं हवालदाराला मेजरच म्हणतात. सुभेदारालाही मेजर, आणि ट्रेनिंग अर्धवट टाकून आलेल्यालाही मेजर.) पालकसभेत एकजण उठून म्हणाले, "मेजर, हाडं तेवढी आमची ठेवा, बाकी तुमचं." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं पोरांना मारायला बंदी आहे, आणि तो कायदा 2010 पासून लागू आहे, हे सांगितल्यावर सभा जरा हिरमुसलीच. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीचं संचलन मात्र कायमचं माझ्या गळ्यात आलंय. त्याबद्दल तक्रार नाही.

खरं कामाला येतं ते उस्तादांचं, म्हणजे फौजेतल्या प्रशिक्षकांचं, शिकवणं. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधला रायफलचा सबक, म्हणजे पाठ, आठवा. आधी शुरू-शुरू का काम: गिनती, हत्याराची तपासणी, बंदोबस्त. मग मागच्या सबकाची दोहराई. मग पहुँच, म्हणजे आजचं हे कशासाठी शिकायचं. त्यानंतर उद्देश, सामान, आणि मग उस्ताद बोलत बोलत करून दाखवणार, आपण तसंच करायचं. समोर दहावी पास असो की बी.ए., क्रम तोच. तेव्हा जांभया यायच्या. पुढं गारगोटीला, जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठात बी.एड.ला गेलो आणि पाठ टाचण लिहायला लागलो: पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन. वर्गातल्या बाविशीच्या पोरी त्यानं घाबरल्या होत्या, मला सगळं ओळखीचं वाटत होतं.

यातली पहुँच मी कधी गाळत नाही. समोच्च रेषा घ्या, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. पुस्तकातली आकृती बघून पोरं रेषा पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पलटणीत कुठल्याही मोठ्या कामाआधी मातीचं सँड मॉडेल करून त्यावर ऑर्डर समजावतात, ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडं दिवाळीला पोरं किल्ले करतातच. मी सांगितलं, यंदा शाळेत आपल्या तालुक्यातला सामानगड करायचा. डोंगर झाल्यावर काठीवर खुणा केल्या आणि एकाच उंचीवर सगळीकडून दोरा फिरवला, असे थरावर थर. मग एकेकाला स्टुलावर उभं करून, वरून दिसतंय ते कागदावर काढायला लावलं. दोरे चिकटून आलेत तिथं कडा, लांब लांब आहेत तिथं उतार, हे मला सांगावं लागलं नाही. वर चढायचं झालं तर कुठल्या अंगानं, यावर दोन गटांत भांडण लागलं. भूगोलाच्या तासाला भांडण लागावं, अजून काय पाहिजे मास्तराला! मैदानावर फक्कीनं चौकटी आखून ग्रिडही, म्हणजे नकाशावरची जागा आकड्यांत सांगणंही, तसंच शिकवतो, आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. यात पोरं चुकत नाहीत, मोठी माणसं चुकतात.

दोहराईचा उपयोग हंगामात कळतो. बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात, आणि त्यांची काही पोरं वर्षाच्या मधेच वर्गात येऊन बसतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत जातात. त्यांना मागचं काहीच माहीत नसतं. रोज पहिली काही मिनिटं मागच्या पाठाला दिली की निदान ती वर्गाबाहेर पडत नाहीत. पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

अवघड काय, तर हुकूम चालत नाही. पलटणीत एकदा सांगितलं की काम झालं. इथं सातवीला तीच गोष्ट चारदा सांगायची, आणि सहकाऱ्यांना सांगायचं नाही, सुचवायचं. त्यात यूडायसची, म्हणजे सरकारला भरून द्यायची शाळेची, माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, हा ऑनलाइन फॉर्म, तो फॉर्म. पहिलं वर्ष त्या चिडचिडीतच गेलं. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की नोकरीत असलेल्या, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल. त्यानंतर स्टाफरूममधे माझा भाव वधारला, कारण माझी जुनी पुस्तकं आणि वह्या सगळ्यांना हव्या होत्या. नाहीतर माझ्या कॅन्टीन कोट्याचीच, म्हणजे फौजी कॅन्टीनमधून मला मिळणाऱ्या मालाची, चौकशी जास्त. तो अख्ख्या गावाला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे.

गावात तुमचा दुसरा वर्ग आपोआप भरेल. पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसतात. 1600 मीटर धावण्यात कुणाला ऐकत नाहीत, पण 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आहे, मैदान नंतर. गणितातच गळती होते. म्हणून संध्याकाळी ती माझ्या सोप्यात बसतात. त्यांचे वडील विचारतात, चार वर्षांच्या अग्निवीरला धाडू का? मी म्हणतो, धाडा, पण चौघांतला एकच पुढं फौजेत कायम राहणार हे धरून. बारावी झाली की मुक्त विद्यापीठात नाव घाला आणि मग धाडा.

आता कागदाचं. पंधरा वर्षांच्या सेवेवर जे पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळतं, ते गट क च्या पदांना चालतं, बी.एड.ला चालत नाही. तिथं विद्यापीठाचीच पदवी लागते. मी सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तुम्हीही बाहेर यायची वाट बघू नका. बी.एड. दोन वर्षांचं आणि रोजच्या हजेरीचं, त्यामुळं ते पेन्शनवर आल्यावरच. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर 2, खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण, त्यानंतर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि जिथून नेमणूक होते ते सरकारचं पवित्र पोर्टल. माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलंच आरक्षण, आहे, पण या परीक्षांतून सुटका नाही. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराआधी मानधनावरचा शिक्षक, महिना 16,000 रुपये मानधन. माझं पेन्शनमुळं भागलं. माझ्याबरोबर लागलेला पंचविशीचा पोरगा त्या तीन वर्षांत शनिवार-रविवार लग्नाच्या ऑर्डरींना फोटो काढायला जायचा.