प्रवासाच्या बीसीडीला किती किलो लिफ्ट पुरते?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला सांगलीत, वजन 94 किलो, स्कूबाचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेला, डिसेंबरात अंदमान आणि पुढे मालदीवचा बेत. घडी होणारी हलकी बीसीडी, म्हणजे डाइव्हला घालायचं हवेने फुगणारं जाकीट, पसंत पडलीय, तिची लिफ्ट, म्हणजे पूर्ण फुगल्यावर पाण्यात उचलून धरता येणारं वजन, 13 किलो लिहिलेली आहे, आणि सोबतचे म्हणतात की तुमच्या अंगाला 20 किलोच्या खालची घेऊच नका. माझ्या मते 13 किलो तुम्हाला पुरतील. पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा. तो 13 चा आकडा तुमच्याच मापाच्या जाकिटाचा आहे का, आणि शिसं तुम्ही नक्की कुठे लावणार आहात.

अंगाच्या वजनाची भीती आधी काढून टाका. काट्यावर 94 भरणारा माणूस समुद्राच्या पाण्यात जवळजवळ तरंगतोच, अंगात चरबी जास्त असेल तर जास्तच तरंगतो. मग त्याला खाली न्यायला शिसं लावावं लागतं. तुमचं तरंगणं आणि शिशाचं ओढणं एकमेकांना फिटलं की तो हिशेब तिथेच मिटला. तुमचे 94 किलो उचलणं हे बीसीडीचं कामच नाही. डाइव्ह चालू असताना जे वजन बदलतं, तेवढंच तिने सांभाळायचं असतं.

बदलतात दोन गोष्टी. एक म्हणजे पाठीवरच्या टाकीतली श्वासाची हवा. अंदमानात बहुतेक ठिकाणी 11.1 लिटरची अॅल्युमिनियमची टाकी मिळते. 200 बार दाबाला तिच्यात साधारण 2,200 लिटर हवा मावते, आणि लिटरला 1.2 ग्रॅम धरले तर तिचं वजन अडीच किलोच्या वर जातं. भरलेली टाकी पाण्यात पाऊण किलोच्या आसपास खाली ओढते, तीच रिकामी झाली की जवळपास दोन किलो वर ओढते. शिसं आपण शेवटी, टाकी रिकामी होत आल्यावर वर फेकले जाऊ नये म्हणून लावतो, त्यामुळे सुरुवातीला हे अडीच-पावणेतीन किलो जादाच असतात. दुसरी गोष्ट वेटसूट. निओप्रीनमधले, म्हणजे सुटाच्या स्पंजासारख्या रबरातले, बुडबुडे खोलीत दाबले जातात. 10 मीटरवर दाब दुप्पट, 30 मीटरवर चौपट, आणि त्या मानाने सुटाचं तरंगणं कमी होत जातं. 27 ते 29 अंशांच्या अंदमानच्या पाण्यात 3 मिलिमीटरचा सूट भरपूर झाला. तुमच्या मापाच्या तशा सुटाची तरंगण्याची सगळी ताकद दोन-अडीच किलो. ती पूर्ण गेली असं धरलं तरी दोन्ही मिळून पाच किलोच्या आसपासच जातं. नवख्या माणसाला पटकन खाली जाता यावं म्हणून डाइव्ह सेंटरवाले बरेचदा दोन किलो शिसं वाढवून देतात, तेही धरा. झाले सात.

पृष्ठभागावर सूट दाबलेला नसतो, पण तिथे डोकं पाण्याबाहेर ठेवायचं असतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, ते पाण्याबाहेर आलं की तेवढा आधार कमी होतो. हवेचे पावणेतीन, डोक्याचे पाच, सेंटरच्या मेहेरबानीचे दोन : दहाच्या आत-बाहेर. तेरात बसतं.

मात्र एक हिशेब कुणी करत नाही, आणि प्रवासाच्या हलक्या बीसीडीत खरी अडचण तिथेच येते. छोट्या बोटीवर चढताना आधी पाण्यातच बीसीडी काढून वर द्यावी लागते. त्या वेळी टाकी, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) आणि खिशांतलं शिसं हे सगळं जाकिटाने तुमच्याशिवाय एकट्याने तरंगवायचं असतं. टाकीचे पाऊण, रेग्युलेटरचे एक-दीड, आणि तुम्हाला लागणारं शिसं आठ किलो धरलं आणि सगळं बीसीडीच्या खिशांत टाकलं, तर दहाच्या वर गेलंच. जाकिटाची खरी लिफ्ट दहाच असेल तर ते हातातून सुटून सरळ तळाला जाईल. म्हणून निम्मं शिसं कमरेच्या बेल्टला लावा आणि निम्मं खिशांत ठेवा. बोटीशी आलात की आधी बेल्ट वर द्या, मगच बीसीडी काढा. हा क्रम सोडू नका, कारण जाकीट काढल्यावर कमरेला उरलेलं शिसं तुम्हाला खाली ओढू शकतं.

आता मापाचं. जाकिटाच्या प्रकारात लिफ्ट मापागणिक बदलते. एकाच मॉडेलच्या छोट्या मापाला नऊ-दहा किलो आणि सर्वांत मोठ्याला जवळपास दुप्पट, असा फरक सहज पडतो. जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच छापतात. तुम्हाला एल बसतं की एक्सएल, ते आधी अंगावर चढवून बघा आणि त्या मापाच्या लेबलवरचा आकडा वाचा. आकडा न्यूटनमध्ये असेल तर दहाने भागा, पौंडात असेल तर 2.2 ने. 130 न्यूटन म्हणजे 13 किलो, 30 पौंड म्हणजे साडेतेराच्या पुढे. पाठीवर फुगणाऱ्या विंगला हा प्रश्न येत नाही, तिचा पिशवा सगळ्यांना एकच असतो.

लेबलवर भरवसा नसेल तर घरच्या घरी तपासता येतं. सांगली-साताऱ्याकडे तालमी आणि जिम यांची कमी नाही. तिथून एकूण 15 किलोच्या लोखंडी प्लेटा मागून आणा, जाळीच्या पिशवीत घाला आणि पोहण्याच्या तलावात परवानगी घेऊन छातीएवढ्या पाण्यात फुगवलेल्या बीसीडीला टांगा. पाण्यात लोखंडाचं वजन सातव्या-आठव्या हिश्श्याने घटतं, म्हणजे ते 15 किलो तिथे जेमतेम 13 भरतात. जाकीट वर राहिलं तर आकडा खरा. फुगवताना जादा दाबाचा व्हॉल्व्ह सुस्स करेपर्यंत हवा भरा, नाहीतर तपासणीला अर्थ नाही.

मग 20 किलोची का नको? विहिरीत पोरगं पोहायला शिकताना कमरेला बांधलेला डबा गरजेपेक्षा मोठा असला की ते पोरगंच उलटं होतं, तसं इथे होतं. अर्धवट भरलेल्या मोठ्या पिशव्यात हवा इकडून तिकडे सरकत राहते, अंग डोलतं, विंग असेल तर तिच्या कडा टाकीभोवती वळतात आणि हवा सोडायच्या वेळी नेमकी तिथेच अडकते. शिवाय मोठी बीसीडी साडेतीन-चार किलोची, प्रवासाची दोन-सव्वादोनची. देशांतर्गत विमानात बहुतेक 15 किलोच सामान नेऊ देतात. त्यात फिन, सूट, बॅग धरली तर ते दोन किलो फार मोलाचे. रेग्युलेटर, तसंच टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्या, चाकू मात्र सामानात टाका. परतीच्या आदल्या दिवशी बीसीडी उलटी करून आतलं पाणी पूर्ण काढा, अर्धा लिटर राहिलं तर अर्धा किलो वाढतोच.

हलक्या बीसीडीला पाठीला कडक पाटी नसते, म्हणून टाकी हलते. पट्टा ओला झाला की सैल पडतो. तो आधी पाण्यात भिजवा, मगच टाकीवर आवळा, आणि टाकी धरून बीसीडी वर उचलून झटका देऊन बघा. बोटीवर घाई असते तेव्हाही हे करा.

आणखी एक. 2019 च्या महापुरात सांगलीकरांनी लाइफ जॅकेट फार जवळून पाहिलीत, म्हणून सांगते. बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नाही. भान हरपलेल्या माणसाचं तोंड ती वर ठेवेलच असं नाही, पाठीवर फुगणारी तर उलट पुढे झुकवते. जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज त्यातूनच आलाय. पाण्यात अडचण आली तर शिसं सोडता येणं हीच तुमची खरी सोय, म्हणून बेल्टचं बक्कल आणि खिशांची कडी डोळे मिटून सुटली पाहिजे.

शिशाचा आकडा तलावातला धरू नका. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड, सामानासकट तुमच्यासारख्याला तिथे अडीच-तीन किलो जास्त लागतात. अंदमानच्या आधी फोंडा घाटाने मालवणला जाऊन एक डाइव्ह करा. 50 बार उरलेल्या टाकीने, बीसीडी रिकामी करून, नेहमीचा श्वास रोखून पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं की शिसं बरोबर. पुढे 7 मिलिमीटरचा सूट घालायच्या थंड पाण्यात जायचं ठरलं तर मात्र 13 किलो पुरणार नाहीत, तिथे 16-18 ची विंग भाड्याने घ्या.

तुमच्या मापाच्या लेबलवरचा आकडा कळला की इथेच लिहा, शिशाची वाटणी किती-किती करायची ते बघू.