महिनाभर चालतं, असं सांगितलं कुणी?

(गाडी, रस्ता आणि नियम यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या स्तंभलेखिका कोल्हापुरात सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतात.)

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त शिक्षक, वय ६६, राहणार कराड. माझ्या लायसन्सची मुदत संपून एकोणीस दिवस झाले. शेजारी म्हणतात, मुदतीनंतर महिनाभर चालतं. त्यात रोज मोबाइलवर ‘एक तारखेपासून नवे नियम’ असा काहीतरी मेसेज येतो. खरं काय, खोटं काय कळत नाही. माझ्यासारख्यानं हे बदल माहीत करून घ्यायचे तरी कसे?

उत्तर : सर, आधी गाडीची किल्ली खुंटीला लावा, मग पुढचं वाचा.

महिनाभराची सवलत होती, हे खरं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरायचे. २०१९ च्या दुरुस्तीत ते वाक्यच काढून टाकलं. आता मुदत संपली की लायसन्स संपलं. तुमच्या शेजाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण हे शिळं ज्ञान वाटण्यात माझाही हात आहे. माझ्याकडं गाडी शिकलेल्या एका किराणा दुकानदाराला तपासणीत अडवलं. त्यानं तिथूनच मला फोन लावला. “मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं की, महिनाभर चालतं म्हणून!” सांगितलं होतं, वीस वर्षांपूर्वी, फळ्यावर लिहून. कायदा बदलला तेव्हा दंडाचे आकडे मी पाठ केले, पण हे एक गाळलेलं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. चालू लायसन्स नसताना गाडी चालवली तर कायद्यात पाच हजारांचा दंड आहे. त्या दुकानदाराशी मी आठवडाभर नजर मिळवू शकले नाही.

तेव्हापासून नवा मेसेज आला की मी फार घाबरत नाही. नवीन काही आलं तर आपण निदान कान टवकारतो, चार जणांना विचारतो. पाठ झालेलं कोण तपासतो? तुमच्याच लायसन्सचं घ्या. पूर्वी वीस वर्षांसाठी किंवा पन्नाशीपर्यंत मिळायचं. आता तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षं. म्हणजे तुम्हाला हे कार्ड आता दर पाच वर्षांनी आठवणीनं बघावं लागणार. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. संपल्यावर वर्षाच्या आत केलात तर पुन्हा चाचणी नाही. वर्ष उलटलं तर आठचा आकडा नव्यानं गिरवायचा. तुम्ही एकोणीस दिवसांवर आहात, चाचणी टळली. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज भरा. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरांचा दाखला, नमुना १-अ, लागतो. तो घेताना डोळे खरंच तपासून घ्या. ओळखीच्या डॉक्टरांकडून सही आणून रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपणारे बरेच लोक मला माहीत आहेत. आणि अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी त्या दिवशी लायसन्स चालू होतं का, तेच बघते.

आता मेसेजबद्दल. माझ्या स्कूलमध्ये एक फळा आहे, त्यावर तीन रकाने आखलेत : मसुदा, राजपत्र, लागू. कारण केंद्राचा एकच नियम तीनदा बातमी होऊन येतो. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेण्याचा नियम आठवतो? २०२१ च्या ऑक्टोबरात त्याचा मसुदा निघाला, लोकांकडून हरकती मागवल्या. टीव्हीवर मात्र ‘आता लहान मुलांनाही हेल्मेट’ असं सुरू झालं. अंतिम अधिसूचना आली १५ फेब्रुवारी २०२२ ला, पुन्हा तीच बातमी. आणि नियम लागू झाला त्यानंतर एक वर्षानं, फेब्रुवारी २०२३ मध्ये. (नियम असा : मुलाला चालकाशी जोडून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या बाळाला हेल्मेट, आणि मूल मागं असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नाही. आमच्या शाळेसमोर सकाळी पावणेआठला उभं राहा, किती पट्टे दिसतात मोजा. मला अजून एकही दिसला नाही.)

दुसरा घोळ राज्याचा. वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. पण तडजोडीनं, म्हणजे कोर्टात न जाता, किती रक्कम घ्यायची, हे ठरवायचा अधिकार कलम २०० नं राज्यांना दिलाय. गुजरातनं काही रकमा लगेच कमी केल्या. महाराष्ट्रानं अंमलबजावणी थांबवून ठेवली. आपल्याकडं नवे दर आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं लोक दिल्लीचे आकडे पुढं ढकलत एकमेकांना घाबरवत होते. म्हणून मेसेजमध्ये तारीख नसेल, राज्य नसेल, तर मी तो फळ्यावर घेतच नाही. तारीख असेल तर मी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा राजपत्रात बघते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सर, तुम्ही आयुष्यभर परिपत्रकं वाचली आहेत, राजपत्राची भाषा तुम्हाला जड जाणार नाही.

खरोखर सतत बदलणारे नियम मात्र दिल्लीहून येत नाहीत, ते आपल्या गल्लीत बदलतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते, गणपतीत मिरवणुकीचा मार्ग, एकदम एकेरी झालेली गल्ली, सम-विषम तारखेचं पार्किंग. वाहतूक शाखेचं प्रसिद्धिपत्रक स्थानिक पेपरात येतं, बहुतेक आतल्या पानावर. मी आधी ते वाचते, राशिभविष्य मागाहून.

प्रश्न : ताई, मुलगा अकरावीला आहे, सोळा पूर्ण झाली. पहाटेच्या क्लासला बस नाही. आमच्या वेळी सोळाव्या वर्षी लायसन्स मिळायचं, मी स्वतः काढलं होतं. मग त्याला माझी स्कूटर दिली तर काय बिघडलं? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : सोळाव्या वर्षी लायसन्स आजही मिळतं, पण बिनगिअरच्या, ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीचं. तुम्ही काढलंत तेव्हा लुना होती, ती त्यात बसायची. तुमची आत्ताची स्कूटर ११० नाही तर १२५ सी.सी.ची असणार. तिला अठरा पूर्ण लागतात.

आणि इथं सापडतात ते आईवडील. २०१९ मध्ये घातलेलं कलम १९९-अ वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते : पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. “मला माहीत नव्हतं, त्यानं विचारलं नाही,” हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. तुम्ही तर आता लिहूनच कळवलंय!

२५० वॅटपर्यंतच्या मोटरची, ताशी २५ किलोमीटरवर न जाणारी बॅटरीची गाडी मिळते, तिला लायसन्स लागत नाही. पण विक्रेता डोळा मारून “वेग वाढवून देतो” म्हणाला, तर तिथून चालू लागा. नाहीतर सायकल आहेच. इचलकरंजी काही घाटात नाही.

प्रश्न : तुमच्या गाडीवर चलन झालं आहे, असा मेसेज आला. खाली एक फाइल होती. उघडू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका उघडू. ए.पी.के. फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवून चलन कळवत नाहीत. ती फाइल फोनमध्ये शिरते आणि बँकेतले पैसे जातात. मेसेजमधल्या कशावरही बोट न लावता परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर स्वतः जा, गाडीचा नंबर घाला. चलन खरं असेल तर तपशील दिसतो, बहुतेक वेळा फोटोसकट. फोटोतली गाडी तुमची नसेल तर तिथंच तक्रार नोंदवता येते.

हे लिहिताना सहज माझ्या ‘एल’ पाटीच्या गाडीचा नंबर घालून पाहिला. विषम तारखेला सम बाजूला लावलेली, फोटो अगदी स्वच्छ, मागं स्कूलची पाटीही दिसतेय. भरले पैसे.