घरच्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली लॉक झाल्यात, डॉलर मागतायत : पैसे भरू की फॉरमॅट मारू?

माजलगावच्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. मुलाने रात्री एक गेम फुकटात उतरवून घेतला. सकाळी बघतात तर प्रत्येक फोटोच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचं शेपूट, एकही फाइल उघडेना, आणि फोल्डरागणिक 'रीडमी' नावाची चिठ्ठी : ९८० डॉलर भरा, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०. आत वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ, शेताची स्कॅन केलेली कागदं. गावातला दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.

दादा, दोन्ही करू नका. निदान आज तरी नका करू.

माझं परभणीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. म्हणजे तुम्ही ज्याच्याकडे मशीन पिशवीत घालून न्याल, तसलाच मी एक. आणि आमच्या लोकांचा फॉरमॅटवर हात फार सैल असतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, विंडोज टाकली की मशीन तासाभरात टकाटक चालतं, पैसे मोकळे. मशीन सुधारतंच. फायलींचं काय झालं हे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं.

हे मला कळलं ते घरातच हात पोळल्यावर. माझे दाजी सेलूला फोटो स्टुडिओ चालवतात. २०१९ चा जून, लग्नसराई नुकतीच संपलेली, अकरा लग्नांचे अल्बम डिझाइनला लागलेले. त्यांनी अल्बम बनवायचं एक सॉफ्टवेअर क्रॅक करून, म्हणजे पैसे न भरता चोरून, टाकलं आणि रात्रीतून 'हळद', 'सीमांतपूजन', 'वरात' असे सगळे फोल्डर लॉक. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत होती. मी गेलो, चिठ्ठी वाचली, दोन-तीन तास नेटवर शोधलं, काही सापडेना. दाजी म्हणाले, "जाऊ दे, मार फॉरमॅट, कामाला तर लागू." मी मारला. त्याच डिस्कवर विंडोज टाकली, नवा डेटा भरला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने याच जातीच्या व्हायरसवर, ज्याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात, फुकट टूल काढलं. त्याच्या १४८ उपजातींसाठी. जुन्या उपजातींना फक्त एक अट होती : एखादी लॉक झालेली फाइल आणि तीच फाइल लॉक होण्याआधीची, अशी जोडी द्या. दाजींनी अर्ध्या गिऱ्हाइकांना मूळ फोटो पेनड्राइव्हवर आधीच देऊन ठेवले होते. म्हणजे जोड्या सेलूभर घरोघरी पडलेल्या, आणि लॉक झालेल्या फायली मात्र मी स्वतःच्या हाताने पुसलेल्या. दाजी काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून पहिलं काम : ती हार्डडिस्क मशीनमधून काढा, तिच्यावर मार्करने तारीख लिहा, जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवा. मशीनमध्ये दुसरी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घाला आणि त्यावर खुशाल विंडोज टाका. लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच चिकटवलेलं असेल तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालू करून लॉक झालेल्या फायली, ती चिठ्ठी, आणि सी ड्राइव्हमधला 'सिस्टिमआयडी' नावाचा फोल्डर, सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, मग फॉरमॅट करा.

हे करेपर्यंत नेटची वायर काढलेली असू द्या. आणि एक चूक दहातले आठ जण करतात ती करू नका : "जे वाचलंय ते तरी पेनड्राइव्हवर काढून घेऊ" म्हणून त्याच चालू मशीनला पेनड्राइव्ह लावणं. हा व्हायरस विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या यादीत, स्वतःचं काम नोंदवून ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने परत फेरी मारतो. तुमचा पेनड्राइव्ह लागला की पुढच्या फेरीत तोही गेला. माझ्याकडे एक सर आले होते, दहावीच्या वर्गाच्या प्रश्नपत्रिका वाचवायला त्यांनी एकामागून एक तीन पेनड्राइव्ह लावले. तिन्ही गेले.

आता तुमच्या फायली उघडतील का, ते कशावर ठरतं ते सांगतो. तुमची चिठ्ठी, ते ९८० आणि ४९० चे आकडे, हे सगळं त्याच स्टॉप-डीजेव्हीयूचं वाटतंय. फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या अशा व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. नक्की करायचं तर 'आयडी रॅन्समवेअर' या साइटवर ती चिठ्ठी आणि लॉक झालेली एक फाइल टाका, जात सांगते. 'नो मोअर रॅन्सम' ही साइटही आहे. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केली, तिथे फुकट टूल मिळतात.

ऑगस्ट २०१९ नंतर या टोळीने कुलूप पक्कं केलं, जोडी देऊन उघडणं बंद झालं. पण एक फट राहिली. हा व्हायरस चालू झाला की आधी टोळीच्या सर्व्हरला विचारतो आणि तुमच्या मशीनपुरती वेगळी किल्ली मागवतो. त्या क्षणी सर्व्हर लागला नाही तर स्वतःच्या पोटात असलेली ठरावीक किल्ली वापरतो, आणि ती त्या उपजातीच्या सगळ्यांना एकच असते. एखाद्याने ती किल्ली मिळवली की सगळ्यांचं उघडतं. तुमचं कोणतं, हे 'सिस्टिमआयडी' फोल्डरमधल्या 'पर्सनलआयडी' फाइलमध्ये दिसतं. लांबलचक अक्षरांच्या शेवटी इंग्रजी टी आणि १ असेल तर ठरावीक किल्ली, म्हणजे आशा आहे. आपल्याकडे लाईट जाते, राउटर बंद पडतो, कॉम्प्युटर मात्र यूपीएसवर चालू राहतो. भारनियमनाचे उपकार मानायची वेळ आयुष्यात एवढ्यासाठीच यावी.

माझ्या दुकानात एका खणात अशा चार डिस्का होत्या, गिऱ्हाइकांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या. अधूनमधून त्यांच्यावर टूल चालवून बघायचो. त्यातली एक २०२१ मध्ये उघडली, मानवतच्या एका आजींचे पंढरीच्या वारीतले फोटो. बाकी तीन अजून तशाच आहेत.

शेवटी टी आणि १ नसेल तर फायली जशाच्या तशा उघडायचा आज मार्ग नाही. पण काही अर्धवट वाचतात, आणि हे फार दुकानदारांना माहीत नसतं. घाईत असल्यामुळे हा व्हायरस पूर्ण फाइल लॉक करत नाही, सुरुवातीचे साधारण १५० केबी तेवढे बिघडवतो. दोनशे एमबीच्या व्हिडिओत १५० केबी म्हणजे काय? बारशाचा व्हिडिओ असेल तर 'मीडिया रिपेअर' नावाचं डिस्कट्यूना यांचं फुकट टूल आहे. त्याला त्याच मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा, ते पाहून तो बिघडलेल्याचं डोकं परत बसवतो. सुरुवातीचा तुकडा जातो, बाकी चालतो. झिप फाइल असेल तर नावाचं वाढीव शेपूट काढून सेव्हन-झिपमध्ये उघडून बघा, पहिली एखादी फाइल जाते, बाकीच्या बहुतेक निघतात. फोटो मात्र मुळातच लहान असतात, त्यांचं अवघड. हे सगळे प्रयोग कॉपीवर करा, मूळ डिस्कवर नाही.

वडिलांच्या फोटोंसाठी दुसरीकडेही हात घाला. आत्याच्या, मामाच्या, चुलतभावाच्या व्हॉट्सअॅपमध्ये काय काय पडलेलं असतं! जुना मोबाइल फेकला नसेल तर त्याचं मेमरी कार्ड काढा. पुसलेलं असलं तरी 'फोटोरेक' हे फुकट सॉफ्टवेअर त्यातून बरंच काढतं. शेताच्या कागदांची चिंता सोडा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात.

पैसे भरायचं म्हणाल, तर ९८० डॉलर म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. तेही बिटकॉइनमध्ये, ज्याचं नाव-गाव-चेहरा ठाऊक नाही अशा माणसाला. किल्ली देईलच याची हमी कोण घेणार? आणि यूट्यूबवर "शंभर टक्के उघडून देतो" म्हणणाऱ्यांपासून तर त्याहून लांब राहा. जून २०२० मध्ये याच व्हायरसवरचं टूल म्हणून एक प्रोग्राम फिरत होता, तो मुळात झोराब नावाचा दुसराच रॅन्समवेअर. आधीच कुलूप लागलेल्या फायलींना त्याने दुसरं कुलूप घातलं.

हे उरकलं की ताबडतोब, मोबाइलवरून, पासवर्ड बदला. हा व्हायरस बऱ्याचदा सोबत एक चोर घेऊन येतो, जो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आधीच उचलून पाठवून देतो. पहिलं जीमेल, मग बँक, मग बाकीचे. जीमेलमध्ये 'सगळीकडून साइन आउट' करा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पोलीस फायली उघडून देणार नाहीत, पण नोंद राहते.

पुढचं जरा मुलाच्या बाजूने बोलतो, त्याला फार रागावू नका. फुकटच्या गेमसोबत 'अँटिव्हायरस बंद करून मगच चालवा' अशी सूचना असते, पोरं ती इमानेइतबारे पाळतात. चोराने दाराची कडी काढून ठेवायला सांगावं आणि आपण काढावी, तसं. पण ही सवय पोरांना कुणी लावली? आम्हीच. वर्षानुवर्षं मी तीनशे रुपयांत विंडोज टाकून दिली, अॅक्टिव्हेटर (चोरीची विंडोज खरी भासवणारा प्रोग्राम) चालवला, वर अपडेट बंद करून दिले, का तर ते परत अॅक्टिव्हेशन मागू नये. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा जगभर पसरलेला रॅन्समवेअर आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा इलाज मार्चमध्येच येऊन पडला होता. ज्यांचे अपडेट बंद होते तेच आडवे झाले, आणि त्याला तर कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. २०१९ नंतर मी अॅक्टिव्हेटर बंद केला. काही गिऱ्हाइकं तुटली, शेजारच्या दुकानात जातात.

नवीन विंडोज टाकताना एवढं करून घ्या. मुलाचं खातं वेगळं आणि साधं ठेवा, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' आहे, ते चालू करा. मग अनोळखी प्रोग्रामला फोटोंच्या फोल्डरमध्ये खुडबुड करता येत नाही. अधूनमधून चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं, तेवढा त्रास सोसा. फायलींची पूर्ण नावं दिसू द्या, म्हणजे पीडीएफच्या वेषातला ईएक्सई, म्हणजे चालवायचा प्रोग्राम, ओळखू येतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन झेपत असेल तर ११ टाका, नसेल तर लिनक्स मिंट.

आणि बॅकअप. "साहेब, बॅकअप होता की, डी ड्राइव्हमध्ये," असं मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. सी आणि डी हे एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत, आग लागली की दोन्ही जळणार. कायम लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही तशीच. आपल्या आज्या पेरणीची ज्वारी खायच्या कणगीत कधी ठेवायच्या? राख लावून वेगळ्या गाडग्यात, माळ्यावर. बाहेरची हार्डडिस्क महिन्यातून एकदा लावा, कॉपी करा, काढा, कपाटात. शिवाय निवडक फोटो गूगल ड्राइव्हवर, १५ जीबी फुकट आहेत. मात्र ड्राइव्ह कॉम्प्युटरशी जोडलेलं असेल तर लॉक झालेली फाइलही इमानदारीने वर चढते. तशी चढली तर वेबवरून त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या बघा, साधारण ३० दिवस राहतात. तुम्ही ड्राइव्ह जोडलं असेल तर हे आजच बघून घ्या, महिना उलटायच्या आत.

'पर्सनलआयडी'मधली शेवटची दोन अक्षरं मला खाली कळवा, पूर्ण आयडी टाकू नका. आणि दुकानदाराला आत्ताच फोन करून थांबवा, तो संध्याकाळची वाट बघत बसणार नाही.