तीन आठवड्यांनी कार शो आहे, 1997 ची मारुती 800 आहे. घरीच डिटेलिंग करू की सेंटरला देऊन सिरॅमिक कोटिंग मारून घेऊ?

भावा, तू सहज विचारून गेलास, पण याच विषयावरनं आमच्या घरात आठ वर्षं भांडण चालू आहे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर निघतं आणि दर दिवाळीला ताई उठून आत जाते. म्हणून लिहितोय. आधी तुझं उत्तर देऊन टाकतो: डिटेलिंग, म्हणजे गाडी आतबाहेरनं बारकाईनं साफ करून पॉलिश करणं, घरी कर, सेंटरला देऊ नको, सिरॅमिकच्या, म्हणजे रंगावर मारतात त्या पातळ कडक थराच्या, नादाला तर अजिबात लागू नको. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आमच्या आण्णांची फियाट आहे. कागदावर प्रीमियर पद्मिनी, 1984 ची, पण आमच्याकडं तिला पद्मिनी कोण म्हणत नाही. आकाशी रंग, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते, म्हणजे फाउंड्रीत ओतकाम व्हायच्या आधी सागवानात हुबेहूब पार्ट करून देणारा माणूस. 91 साली गाडी सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासनं ती रोज शेडच्या दारात उभी. शेजारी फेटलिंगचं, म्हणजे ओतलेल्या पार्टच्या कडा घासायचं काम, दिवसभर कास्टिंगला ग्राइंडर, ठिणग्या उडतायत आणि लोखंडाची ती बारीक भुकटी वाऱ्यानं येऊन गाडीवर बसतेय. नुसती बसत नाही, रंगात रुतते आणि तिथंच गंजते. लांबनं बघितलं की कोणीतरी गाडीवर चहाची पत्ती भुरभुरल्यासारखं दिसायचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या बाजूला ज्यांच्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात त्यांनी पावसाळ्यानंतर एकदा जवळनं बघा, नारिंगी ठिपके दिसतील. लोक म्हणतात कंपनीचा रंग बोगस. रंगाचा काय दोष, लोखंड आहे ते. वर ऊस गाळप सुरू झालं की काजळी वेगळी.

मला गाड्यांचं वेड दसऱ्यामुळं लागलं. लहानपणी सगळे दसरा चौकात सोनं लुटायला जायचे, मी आण्णांच्या खांद्यावर बसून छत्रपती महाराजांची जुनी मेबॅक मोटार बघायला. ती गाडी आली की लोक गप्प होऊन बघतात ना, तसं आपल्या फियाटकडं पण चार लोकांनी थांबून बघावं एवढीच इच्छा. म्हणून आठ वर्षांपूर्वी एका शोमध्ये नाव दिलं.

आता दाजी. दाजींनी तेव्हा हायवेला नवीन वॉशिंग सेंटर टाकलेलं, फोम, बफिंग, कोटिंग सगळं. दाजी म्हणाले रंग मेलाय, सोलून काढू, पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारू, आरसा करून देतो, घरचाच माणूस आहे, पैसे नंतर बघू. आण्णा म्हणाले नको. का ते आण्णांनी सांगितलं नाही, ते सांगत बसत नाहीत. मग तडजोड निघाली की रिपेंट नाही पण मशीननं कटिंग करायचं, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढायचा, आणि मशीन मी चालवणार, दाजी शेजारी उभे राहून सांगणार.

मी ओळखीतनं रंगाची जाडी मोजायचा मीटर आणला. छतावर 110 मायक्रॉन दाखवलं, बोनेटवर 85, आणि मागच्या उजव्या दारावर 260, म्हणजे ते दार आधीच्या मालकानं कधीतरी मारून घेतलेलं. आण्णा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले मायक्रॉन म्हणजे किती? मी म्हटलं 25 ला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरातल्या माणसाला थाउ म्हटलं की पुढचं सांगायला लागत नाही. "म्हणजे बोनेटवर साडेतीन थाउ. त्यात प्रायमर किती?" अर्धा तरी असेल म्हटलं. "मग दीड-दोन थाउवर तू दोन हजारच्या स्पीडनं मशीन फिरवणार?" एवढं बोलून आत गेले. मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गरागरा फिरवणारं), लोकरीचा पॅड, जाडं रबिंग कंपाऊंड. छत भारी निघालं, दोन्ही मडगार्ड भारी निघाले, मला वाटायला लागलं आपण जन्मजात डिटेलर आहोत. रात्री साडेअकराला बोनेटच्या पुढच्या डाव्या कडेला एक बारीक ओरखडा राहिला होता. मला तो चालला असता. दाजी म्हणाले "अजून एक हात मार, जातोय बघ." मारला. ओरखडा गेला, त्याच्यासोबत रंगही गेला आणि खालनं तांबूस प्रायमर दिसायला लागला, अंगठ्याच्या नखाएवढा. कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो आणि रोटरी एका जागी क्षणभर जरी रेंगाळलं तरी पत्रा तापतो. कडांना आधी मास्किंग टेप लावायची असते, हे आज कुठल्याही पोराला माहीत आहे. आम्ही लावली नव्हती. दाजी त्या डागाकडं बघून म्हणाले, "म्हणून म्हणत होतो रिपेंट कर." तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

राहिलेली गाडी मी हातानं केली, आण्णांच्या सांगण्यावरनं. सिंगल स्टेज रंग म्हणजे वर क्लिअरकोटचा पारदर्शक थर नसलेला जुना रंग, तो उन्हानं कोरडा पडतो, मरत नाही. तेलकट पॉलिश सुती टॉवेलनं चोळायचं, चांगलं जाड लावायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पुसलं की फडकं आकाशी झालेलं असतं, तो वरचा मेलेला रंग, घाबरायचं नाही. असं दोनदा केलं. दाराच्या आतल्या कडेला, जिथं ऊन कधी लागलंच नाही, तिथला रंग आणि बाहेरचा रंग जवळजवळ एक झाला. आण्णांनी आयुष्यभर पॅटर्नला पॉलिश पेपर मारलाय, ते येऊन तळहात फिरवून गेले, काय बोलले नाहीत. मला समजलं.

शोला दोन परीक्षक, हातात कागद. त्यातले वयस्कर काका आले ते बोनेटकडं बघायच्या आधी डिकी उघडा म्हणाले. स्टेपनी बघितली, जॅक कुठाय विचारलं, मॅट उचलून खालची वाळू बघितली. हॉर्न वाजवायला लावला, साइड दाखवायला लावली. मग टायरकडं बोट करून "हे काय चोपडलंय?" दाजींनी सकाळी येऊन टायरला सिलिकॉनचं डबडं ओतलं होतं, आणि इंजिनवर पण चमकायचा स्प्रे. टायर भिजलेल्या म्हशीसारखे चमकत होते. शेवटी बोनेटचा डाग. मी सरळ सांगितलं, मशीननं जाळला. त्यांनी विचारलं "बाकी मूळ रंग?" म्हटलं एक दार सोडून हो. काका जरा वाकून बघत राहिले आणि लिहून पुढं गेले.

बक्षीस मिळालं नाही. आमच्या गटात पहिली आली ती गाडी पूर्ण रिपेंट केलेली, वर अ‍ॅलॉय व्हील. दाजी मला वर्षभर तेच ऐकवत होते. पण मी नंतर आयोजकांना विनंती करून मार्कांचा कागद बघितला, आणि हे दाजींनी वाचावं म्हणूनच लिहितोय: रंगाला आम्हाला पहिल्या गाडीपेक्षा जास्त मार्क होते, डाग धरून. मार्क गेले ते डिकीत, इंजिनच्या खोलीत आणि टायरला. म्हणजे वाळू माझी आणि स्प्रे तुमचा. यावर दाजींचं म्हणणं, मार्क कागदावर असतात, कप घरात असतो. असो.

आता तुझं. तीन आठवडे भरपूर आहेत, पण सुरुवात बाहेरनं करू नको. पहिला आठवडा डिकी, सीटखालची जागा, इंजिन. इंजिनला प्रेशरचं पाणी नको. गार असताना एअर क्लीनर, डिस्ट्रिब्युटर, बॅटरी पिशव्यांनी बांध, ब्रशनं डीग्रीझर लाव, हलक्या पाण्यानं काढ, कोरडं कर. वर स्प्रे मारू नको. परीक्षकाला चमक नाही, स्वच्छ रबर आणि स्वच्छ वायर बघायची असते.

मग धुणं. दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत नुसतं पाणी, हातमोजा आधी साध्या पाण्यात झटकून मगच शाम्पूत. बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर वाळू द्यायचं नाही, क्षारांचे गोल डाग पडतात आणि काळ्या रंगावर तर जन्माचे. शेवटचा हात बॅटरीवाल्याकडच्या डिस्टिल्ड वॉटरनं मार, पाच लिटर पुरतं.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरनं फिरव. डोळ्याला गुळगुळीत दिसणारी गाडी पिशवीतनं पॉलिश पेपरसारखी लागते. तेच आपलं लोखंड. आयर्न रिमूव्हर मारलास की ठिपके जांभळे होऊन ओघळतात, बघायला मजा येते, वास मात्र सडक्या अंड्याचा, हातमोजे घाल आणि उन्हात करू नको, वाळलं तर रंगावर डाग. राहिलेलं क्ले बारनं, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं, भरपूर ओलं ठेवून. क्ले खाली पडला तर फेकून दे. एक वडी वाचवायला जाशील आणि एक खडा पूर्ण दारावर रेघ ओढेल.

पॉलिश हातानं, नाहीतर ड्युअल अ‍ॅक्शन मशीननं (पॅड गोल फिरत हेलकावतो, रोटरीपेक्षा कमी जाळतं), मऊ पॅड, कडांना टेप. आधी डिकीच्या झाकणावर एक फूट जागेत करून बघ, सगळ्यात सौम्य पॉलिशनं जेवढं जातंय तेवढंच घालव. मशीन मारल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाणी घालून पातळ करून पुसून बघ, कारण पॉलिशचं तेल बारीक ओरखडे लपवतं आणि शोच्या उन्हात ते सगळे परत हजर होतात. वर साधं वॅक्स.

सिरॅमिकचं म्हणशील तर सेंटरवाले मिरवतात ते 9एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नाही. सेंटरवाले किल्लीनं घासून दाखवतात ती सगळी जत्रा. थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा, खालचे ओरखडे त्याच्याखाली कायमचे बंद. आणि ते मारायच्या आधी ते तुझ्या गाडीवर कटिंग करणार, रोटरीनंच, आणि करणारा पोरगा काल परवा कामावर आलेला.

काच सगळ्यात शेवटी. आतनं आडवी पूस, बाहेरनं उभी, म्हणजे रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते कळतं. क्रोम गंजलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं. (हे फियाटला, तुझ्या 800 ला क्रोम असून असून किती असणार.) टायरला नुसतं साबण-ब्रश. शोच्या सकाळी गाडी चालवत नेलीस तर वाटेत धूळ बसणारच, ती कोरड्या फडक्यानं झटकू नको, एवढ्या मेहनतीचं वाटोळं त्याच एका मिनिटात होतं. क्विक डिटेलरचा स्प्रे (धूळ ओली करून पुसायचा) आणि तीन-चार स्वच्छ मायक्रोफायबर सोबत ठेव, आणि मायक्रोफायबर कम्फर्टमध्ये भिजवून आणू नको.

एक राहिलंच. वर रात्रभर पॉलिश वगैरे सांगितलं ते सिंगल स्टेजचं. तुझी 800 मेटॅलिक रंगाची असेल तर वर क्लिअरकोट आहे, तिथं रंग फडक्यावर येणार नाही आणि तेल मुरणार पण नाही. कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून फडकं बघ, रंग आला तर सिंगल स्टेज. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं घे. आणि वरचा क्लिअरकोट आधीच पापुद्र्यासारखा सोलला असेल तर पॉलिशनं काही होत नाही, तो पॅनल रिपेंटच करावा लागेल. हे वाक्य दाजी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकतील. टाका. एक पॅनल म्हटलंय मी, अख्खी गाडी नाही.

बोनेटवरचा डाग अजून तसाच आहे. उघड्या प्रायमरखालचा पत्रा गंजू नये म्हणून फक्त वॅक्स लावतो. टचअप करायचं म्हटलं तर आण्णा म्हणतात, राहू दे, कोणी मारला ते लक्षात राहतंय. मशीन माझ्या हातात होतं हे मला मान्य आहे, पण 'अजून एक हात मार' कोण म्हणालं ते ताईनं पण ऐकलंय, ती चहा घेऊन दारातच उभी होती.