हयात चित्रपट कलावंतांची तिकिटे आणि पोस्टकार्डे : कोकणात राहून संग्रह कसा उभारावा

नमस्कार. मालवणात राहून हयात चित्रपट कलावंतांची टपाल तिकिटे आणि पोस्टकार्डे जमवावीत असे आपल्या मनात आहे, पोस्टात चौकशी केल्यावर "आपल्याकडे जिवंत माणसाचे तिकीट निघत नाही" असे सांगण्यात आले, आणि एका विक्रेत्याने परदेशांच्या नावांचे, हिंदी नटनट्यांच्या चित्रांचे तिकिटांचे रंगीत ताव दाखवले आहेत, ते घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझे थोडक्यात उत्तर असे की ते ताव तूर्त घेऊ नयेत, आणि पहिला खर्च तिकिटांवर करण्यापेक्षा जुन्या पोस्टकार्डांवर करावा. त्यामागची कारणे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी "हयात" म्हणजे कोणत्या दिवशी हयात, हे ठरवून टाकावे. ते ठरले नाही तर दर एक-दोन वर्षांनी संग्रहातील पाने काढून टाकायची वेळ येते. ब्रिटनच्या रॉयल मेलने 17 मार्च 2020 रोजी जेम्स बाँडची भूमिका करणाऱ्या सहा नटांची तिकिटे काढली. त्या दिवशी रॉजर मूर हयात नव्हते, ते 2017 मध्येच गेले होते, परंतु शॉन कॉनरी होते आणि त्यांचे निधन त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला झाले. माझ्या मते तिकीट प्रसिद्ध झाले तो दिवस हीच कसोटी धरावी, म्हणजे कॉनरी संग्रहात राहतात आणि मूर केवळ संचाचा भाग म्हणून येतात. अमेरिकेच्या 2007 च्या स्टार वॉर्स चित्रपटांच्या तिकिटांवरील, पुढे 2016 मध्ये निधन पावलेल्या नटी कॅरी फिशर यांनाही हाच नियम लागू होतो. प्रत्येक पानाच्या तळाशी कलावंताची जन्मतारीख आणि तिकिटाच्या प्रकाशनाची तारीख शेजारी शेजारी लिहावी. पोस्टकार्डाच्या बाबतीत प्रकाशनाची तारीख सहसा छापलेली नसते, तिथे टपालाच्या शिक्क्याची तारीख धरावी.

पोस्टात आपल्याला मिळालेले उत्तर धोरण म्हणून बरोबर आहे. भारतीय टपाल खाते जिवंत व्यक्तीचे तिकीट काढत नाही, मात्र याला ठळक अपवाद आहेत आणि त्यांतला पहिला आपल्या कोकणातला आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जन्मशताब्दीला, 18 एप्रिल 1958 रोजी, 15 नये पैशांचे तिकीट निघाले तेव्हा ते स्वतः हयात होते. पुढे 1960 मध्ये विश्वेश्वरय्या, 1980 मध्ये मदर तेरेसा आणि 2013 मध्ये सचिन तेंडुलकर यांना हा मान मिळाला. सिनेमाच्या वाट्याला मात्र मरणोत्तर तिकिटेच आली. नर्गिस यांचे तिकीट 1993 चे, मधुबाला यांचे 2008 चे. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त 3 मे 2013 रोजी एकदम 50 तिकिटे निघाली, त्यांत भालजी पेंढारकर, दुर्गा खोटे, स्मिता पाटील, देव आनंद अशी नावे आहेत, परंतु सगळेच दिवंगत. राजेश खन्ना यांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ही तिकिटे सुंदर आहेत, स्वस्तही आहेत, फक्त आपल्या विषयात बसत नाहीत. कर्व्यांचे तिकीट मात्र प्रस्तावनेच्या पानावर अवश्य लावावे, कारण जिवंत माणसाचे तिकीट ही आपल्याकडे केवढी दुर्मीळ गोष्ट आहे ते त्यावरून पाहणाऱ्याला लगेच कळते.

हयात नटांची खरीखुरी तिकिटे परदेशांत मिळतात, पण तिथेही एक पेच आहे. तिकिटावर नट आहे की त्याने वठवलेले पात्र आहे? अमेरिकेत 2007 मध्ये, व्यक्तीच्या मृत्यूनंतर काही वर्षे उलटल्याशिवाय तिकीट काढायचे नाही असा नियम असतानाही, स्टार वॉर्सची तिकिटे निघाली, कारण ती पात्रांची मानली गेली. 2013 मधील हॅरी पॉटरची तिकिटे आणि न्यूझीलंडची 2001 मधील लॉर्ड ऑफ द रिंग्जची तिकिटेही याच प्रकारची. या बाबतीत मला सर्वांत सरळ वाटतो तो ऑस्ट्रेलियाचा 2009 चा संच. रसेल क्रो, निकोल किडमन, केट ब्लँचेट आणि जेफ्री रश या चौघांची तिकिटे त्यांनी काढली आणि प्रत्येकाला दोनदा दाखवले, एकदा स्वतः म्हणून आणि एकदा गाजलेल्या भूमिकेत. तिकिटांच्या पानांची सुरुवात याच संचाने करावी. ऑस्ट्रियाने 2004 मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे तिकीट काढले, तेही पात्राचे नव्हे, त्यांचे स्वतःचेच. पात्रांची आणि नटांची पाने वेगळी ठेवावीत, सरमिसळ केली की संग्रह जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानासारखा दिसू लागतो.

आता त्या विक्रेत्याच्या तावांविषयी. असे ताव दोन जातींचे असतात आणि दोन्ही दिसायला सारखेच चकचकीत असतात. काही लहान देश आपल्या तिकिटांचे काम परदेशी संस्थांकडे सोपवतात, त्या संस्था जगभरच्या संग्राहकांना आवडतील असे विषय निवडून तिकिटे छापतात आणि त्या देशाचे टपाल खाते त्यांना मान्यता देते. ही तिकिटे अधिकृत असतात, पण त्या देशातल्या पोस्टाच्या खिडकीवर ती क्वचितच दिसतात. दुसरी जात सरळ बनावट. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर तुव्हा, बुर्यातिया, अबखाझिया अशा प्रदेशांच्या नावांनी खाजगी छापखान्यांनी तिकिटांचा पूरच आणला. एका तथाकथित अबखाझियन तिकिटावर तर मार्क्स आणि लेनिन यांच्या जागी विनोदी नट ग्राउचो मार्क्स आणि गायक जॉन लेनन होते. चेष्टा म्हणून ठीक, टपाल म्हणून शून्य. जागतिक टपाल संघ अशा बेकायदा तिकिटांविषयी परिपत्रके काढतो आणि 2002 पासून सदस्य देशांच्या अधिकृत तिकिटांना क्रमांक देऊन त्यांची नोंद ठेवण्याची सोयही आहे. विक्रेत्याला देश, वर्ष आणि हा नोंदणी क्रमांक विचारावा. सगळेच देश या नोंदणीत भाग घेत नसल्याने क्रमांक नाही म्हणजे बनावटच असे म्हणता येत नाही, परंतु देशाचे नाव ठळक, दर्शनी किंमत गोल आकड्यात, प्रकाशनाची तारीख कुठेच नाही आणि विक्रेत्याकडे एकाच नटाचे पाच "देशांचे" ताव, असे चित्र असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

"माय स्टॅम्प" या योजनेविषयीही अनेकांचा गैरसमज असतो. ही योजना 2011 मध्ये आली. 12 तिकिटांचा ताव, अनेक वर्षे 300 रुपये किंमत, आणि मूळ तिकिटाच्या जोडीला आपण दिलेले छायाचित्र. चाहत्यांनी आवडत्या नटाचे छायाचित्र घालून घेतलेले असे ताव विक्रीला दिसतात. ते टपालासाठी वैध असतात, परंतु टपाल खात्याने त्या नटाचा गौरव केला असे त्यावरून सिद्ध होत नाही. एखादा नमुना "खाजगी छायाचित्र" अशी स्पष्ट नोंद करून ठेवायला हरकत नाही.

खरी संधी पोस्टकार्डांत आहे, आणि ती कोकणात अधिक आहे. मुंबईतला चाकरमानी गावी मनिऑर्डर पाठवत असे, पत्रही पाठवत असे, आणि गिरगावातल्या किंवा लालबागच्या दुकानात मिळणारी नटनट्यांची चित्रकार्डे त्या पत्रांत असत. ही कार्डे आजही माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या आरशाच्या मागे, देवघराच्या फडताळात निघतात. घर पाडण्यापूर्वी किंवा वाटणीच्या वेळी भंगारवाल्याकडे जाणारे कागद एकदा पाहू द्यावेत, एवढीच विनंती वाडीतल्या लोकांना करून ठेवावी. मागच्या बाजूला मजकूर आणि शिक्का असलेले कार्ड कोऱ्या कार्डापेक्षा मोलाचे, कारण नट हयात असताना ते टपालातून गेले याचा पुरावा त्यावरच असतो. शिक्का पुसट असेल तर तिकिटाकडे पाहावे. किंमत आण्यांत असेल तर तिकीट 1 एप्रिल 1957 पूर्वी छापलेले, "नये पैसे" असेल तर ते 1957 ते 1964 या काळातले. तिकीट सुटे करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कार्डावरून उचकटलेले चार आण्यांचे तिकीट चार आण्यांचेच राहते आणि कार्ड वाया जाते.

जुन्या कार्डांच्या नव्या नकला आता सर्रास मिळतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. अस्सल ब्रोमाइड छायाचित्रात, म्हणजे चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या कागदावर धुतलेल्या छायाचित्रात, गालावरची छाया सलग उतरत जाते, छापील नकलेत तिथे ठिपक्यांची जाळी दिसते. जुन्या ब्रोमाइडच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक येते, ती आणणे नक्कल करणाऱ्याला अवघड जाते. किराणा दुकानात नोटा तपासायचा जो जांभळा दिवा असतो त्याखाली कार्ड धरावे. 1930 च्या दशकातले म्हणून दिलेले कार्ड तिथे निळसर पांढरे चमकले तर कागद बराच नंतरचा आहे असे समजावे. स्वाक्षरीचेही तसेच. चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून कलावंतांच्या कार्यालयांतून जी कार्डे येत, त्यांतल्या कित्येकांवर स्वाक्षरी छापलेली असे. हाताने केलेल्या स्वाक्षरीची शाई चकाकीच्या वर बसते, कार्ड तिरपे केले की त्या रेषेपुरती चमक तुटते, आणि बॉलपेन असेल तर मागून बोट फिरवल्यावर वळ लागतो.

पुढे कधी मॅक्सिमम कार्ड, म्हणजे चित्राला जुळणारे तिकीट लावून त्यावर शिक्का मारलेले चित्रकार्ड, करावेसे वाटले, तर चित्र, तिकीट आणि शिक्का या तिन्हींचा एकमेकांशी मेळ असावा लागतो आणि तिकीट चित्राच्या बाजूला लावावे लागते. तिकीटच मोठे करून छापलेले कार्ड त्यासाठी चालत नाही.

आपल्याकडची हवा हा या छंदाचा मोठा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंतीला पाणी सुटते, तेव्हा अल्बमचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि अल्बम उभे ठेवावेत. आडवे रचले की खालच्या पानांवर भार पडून कोऱ्या तिकिटांचा गोंद पानाला धरतो. ब्रोमाइड कार्डांवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होऊन प्लॅस्टिकला चिकटतो, म्हणून चकचकीत पीव्हीसीच्या पिशव्या टाळून साध्या आम्लरहित कागदाचे पाकीट वापरावे. डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि रंग बदलला की ते पुन्हा तापवून वाळवावे. डांबराच्या गोळ्या नकोत. तांबूस ठिपके दिसले तर ते कार्ड ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळे करावे, आणि लॅमिनेशनचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्यावा.

कलावंतांना कार्ड पाठवून स्वाक्षरी मागावी का, असेही आपण शेवटी विचारले आहे. अवश्य मागावी, पण घरच्या पत्त्यामागे लागू नये, निर्मितीसंस्थेच्या किंवा नाट्यसंस्थेच्या कार्यालयात पाठवावे. मराठी कलावंत नाटकाच्या दौऱ्यावर रत्नागिरी, चिपळूण, कुडाळपर्यंत येतात, तेव्हा प्रयोगानंतर व्यवस्थापकामार्फत विनंती केली तर काम बहुधा सोपे होते. टपालाने पाठवताना कार्डाच्या आकाराचा पुठ्ठा, स्वतःचा पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले पाकीट आणि चार ओळींचे पत्र सोबत ठेवावे. जुने, एकुलते एक कार्ड पाठवू नये, त्याची चांगली छायाप्रत पाठवून तिच्यावरच स्वाक्षरी घ्यावी.