मावसभावाच्या ॲनिमेशनपटावर काय लिहावे? माझ्या एकेचाळीस सूचनांचा अनुभव

तुम्ही लिहिले आहे की मावसभावाने नोकरी सांभाळून दीड वर्षात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आठ मिनिटांचा ॲनिमेशनपट केला, पुढच्या महिन्यात तो एका महोत्सवाला पाठवायचा आहे आणि तो तुमच्याकडे ‘खरे काय ते सांग’ असा हट्ट धरून बसला आहे. तुम्हाला मात्र पात्रांची चाल तरंगती, ओठांची हालचाल चुकलेली आणि शेवट न समजणारा वाटला. हे वाचून मला माझीच एक जुनी ई-मेल आठवली. ती पाठवली नसती तर एक चित्रपट आज लोकांनी पाहिलेला असता. आधीच सांगतो, मी काही वर्षे एका स्टुडिओत हाताने काढलेल्या मालिकांसाठी इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढणे) आणि क्लीनअपचे (कच्च्या रेषा नीट करणे) काम केले आहे; परीक्षक वगैरे कधी नव्हतो आणि थ्रीडीतले मला कामापुरतेच कळते. सौम्य शब्दांत लिहावे, आधी चांगले सांगावे, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझा एक मित्र दिवसा बँकेत काम करून रात्री टॅब्लेटवर चित्रे काढत असे. त्याने सहा मिनिटांचा चित्रपट एकट्याने पुरा केला. एक म्हातारी घरातले शेवटचे जोंधळे जात्यावर दळते आणि ते पीठ रात्री शेजारणीच्या दारात गुपचूप ठेवून येते, एवढीच गोष्ट होती. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम धरायचे, म्हणजे सहा मिनिटांना चार हजारांहून अधिक चित्रे होतात. त्याने तो चित्रपट पाठवून ‘कसे वाटले?’ असे विचारले आणि मी पाच दिवस खपून, टाइमकोडसह, म्हणजे प्रत्येक जागेची नेमकी वेळ देऊन, एकेचाळीस सूचना लिहून पाठवल्या. पहिली सूचना बाराव्या सेकंदाला म्हातारीचा टेकलेला पाय जमिनीवरून घसरतो याची होती. चौतिसावी सूचना अशी होती की शेजारणीचा पिठाचा रिकामा डबा फार थोडा वेळ दिसतो.

तो डबा पाऊण सेकंद, म्हणजे जेमतेम अठरा फ्रेम दिसत होता. प्रेक्षकाला तो डबा दिसलाच नाही, तर म्हातारी पीठ तिथे का ठेवते हे कळणार कसे? चित्रपटाचा सगळा जीव त्या डब्यात होता. तो दुरुस्त करायला एकही नवे चित्र लागले नसते. आहे तेच चित्र आणखी दोन सेकंद धरून ठेवले आणि आवाज त्याप्रमाणे सरकवला की काम झाले असते, एका संध्याकाळीत. पण मित्र बँकेतला माणूस, यादी हातात आली की पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करणारा. म्हातारीची चाल वीस सेकंदांची होती. तेवढ्याला २४० चित्रे, प्रत्येकाला पंधरा मिनिटे धरली तर साठ तास, आणि रोज रात्री दोन तास मिळणाऱ्या माणसाला पूर्ण एक महिना. नवव्या सूचनेपर्यंत पोहोचता पोहोचता दिवाळी आली, महोत्सवाची तारीख टळली आणि त्याने ती फाइल पुन्हा उघडली नाही. माझी एकही सूचना चुकीची नव्हती, आणि मला ते सर्वांत जास्त लागते. यातले काय आधी करायचे आणि काय सोडून द्यायचे, हे मला कळत होते, पण मी त्याला सांगितले नाही. माझी नजर किती बारीक आहे ते मात्र एकेचाळीस वेळा सांगितले.

म्हणून तुम्ही काहीही लिहिण्याआधी त्याला विचारा की आता काय काय बदलता येण्यासारखे आहे. आठ मिनिटांच्या ११,५२० फ्रेम होतात. त्याच्या संगणकाला एका फ्रेमला तीन मिनिटे लागत असतील, तर सगळे पुन्हा रेंडर करायला, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घ्यायला, यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून चोवीस दिवस जातील. तारीख पुढच्या महिन्यात असताना तरंगती चाल हा विषय माझ्या मते मिटला. ती एकदा सांगा, पण पुढच्या चित्रपटासाठी म्हणून सांगा. सांगतानाही ‘वजन जाणवत नाही’ असे मोघम लिहू नका. ‘त्याने पोते उचलले तेव्हा मला ते रिकामे वाटले’ असे तुम्हाला दिसले ते लिहा. जड वस्तू उचलण्याआधी पाय रोवले जातात, कंबर खाली येते, क्षणभर काहीच हलत नाही आणि मग ओझे जमिनीवरून सुटते. तो क्षणभर थांबा गाळला गेला आहे, हे त्याचे त्यालाच उमजेल. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या ॲनिमेटरांनी १९८१ साली पुस्तकात मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वे हौशी माणसाच्या तोंडावर फेकणारे पुष्कळ भेटतात. तत्त्वे उत्तमच आहेत, पण त्यांची नावे घेतल्याने पोते जड होत नाही.

शेवट कळत नाही ही तक्रार सगळ्यांत वर ठेवा, कारण तिचा उपाय बहुधा संकलनात सापडतो. त्यासाठी दोष सांगू नका, उलट तुम्हाला कळलेली गोष्ट चार-पाच वाक्यांत त्यालाच लिहून पाठवा: कोण होते, त्याला काय हवे होते, शेवटी काय झाले. जिथे तुमची गोष्ट त्याच्या गोष्टीपासून फुटते तिथे त्याचे बोट आपोआप जाईल. हे चित्रपट एकदाच पाहून, मध्ये न थांबवता लिहा. दुसऱ्यांदा पाहिले की आपण न दिसलेले मनाने भरून काढतो.

ओठांच्या बाबतीत मात्र मोघमपणा अजिबात चालत नाही, तिथे नेमके बोलणेच दयेचे असते. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा आणि ‘मामा’ किंवा ‘बाबा’सारख्या शब्दावर ओठ केव्हा मिटतात ते पाहा. सगळीकडे अंतर सारखेच असेल, तर आवाजाची पट्टी दोन-तीन फ्रेम सरकवून भागते. काही वाक्यांपुरतेच बिघडले असेल, तर त्या वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा किंवा खोलीतली एखादी वस्तू दाखवता येईल का, असे विचारा. तेवढीच दृश्ये नव्याने रेंडर करावी लागतील, आणि कित्येकदा तीही आधी काढलेल्या, वापरात न आलेल्या दृश्यांत सापडतात. बाकी बारीकसारीक जे दिसेल ते वेगळ्या कागदावर टिपून ठेवा आणि त्याने स्वतःहून मागितल्याशिवाय देऊ नका. माझे हे मत अनेकांना पटत नाही. ‘मागितले आहे ना, मग सगळे द्या’ असे स्टुडिओतले जुने सहकारी म्हणतात. पण तिथे एका यादीवर दहा माणसे बसतात. इथे तो एकटा आहे.

एक गोष्ट मात्र आजच करा. चित्रपट पूर्ण पाहिला आणि रविवारपर्यंत लिहितो, एवढ्या दोन ओळी त्याला पाठवून द्या. मी पाच दिवस गप्प राहून यादी करत होतो, तेव्हा मित्राने दोनदा ‘फाइल उघडते आहे ना?’ असे विचारले होते आणि दोन्ही वेळा मी फक्त ‘हो’ म्हटले होते.